भागीबाई उदयपूरला जातात

मखमलाबादच्या आमच्या भागीबाईंना सहलीला तयार करणं म्हणजे दगडाला पाझर फोडणं. पंचवटीतल्या रामाच्या देवळात एकतीस वर्षं रोज त्यांची शेवंतीची माळ जायची. बाईंनी ना लग्नकार्यासाठी खाडा केला, ना दुखण्यासाठी. सून मनीषाही माळ बांधायची, पण बाई ती रोज उसवून पुन्हा बांधायच्या. गाठ करकचून बसली की देठ चिरतो आणि दुपारीच फुलं गळतात, हे त्यांचं शास्त्र. माझ्या मते नुसती खोड. मी शेजारचा शाळामास्तर; माझ्या ओट्यावरून हे रोज दिसायचं आणि रोज राग यायचा.

अठ्ठ्याण्णव सालच्या नाताळच्या सुट्टीत मी उदयपूरची बस ठरवली आणि बाईंना जवळजवळ ओढूनच नेलं. चार दिवस माळ मनीषाच्या भरवशावर, हाच त्यांना घोर.

पिछोला तलावाकाठी बाकीचे महाल बघत आ वासून उभे होते. बाई म्हणाल्या, "मास्तर, डोंगर आपल्याकडंबी हायेत. पाणी लय हाय, पण वाहत नाय." आणि लगेच विचारलं, "फोन कुठं आसंल?"

एसटीडी बूथवरून त्यांनी घराशेजारच्या दुकानात फोन लावून मनीषाला बोलावून घेतलं आणि एकच विचारलं, "आरतीपर्यंत टिकली का माळ?" मनीषा म्हणाली, "टिकली." बाईंना ते पटलं नाही. रात्री जेवणातही त्यांचं लक्ष नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिथल्या एका देवळाच्या पायरीवर एक म्हातारी फूलवाली सुनेने बांधलेली माळ उसवत बसली होती. सून खाली मान घालून बघत होती. बाई बराच वेळ तिथून हलल्या नाहीत. "आमची मनीषाबी अशीच खाली बघती," त्या म्हणाल्या. आता चांगलं सुनावावं असं माझ्या मनात होतं, पण त्यांचे डोळे भरलेले बघून माझा रागच विरघळला.

परतलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. पिशवी खांद्यावर तशीच ठेवून बाई देवळात गेल्या, मीही मागोमाग गेलो. देवाच्या गळ्यात माळ अख्खी होती. बाजूला मनीषा उभी होती, चेहरा उतरलेला.

"आत्याबाई, फोनवर मी खोटं बोलले. पहिल्या दिवशी माळ तुटली होती. दुपारी येऊन दुसरी घातली."

आता वीज पडणार, मला वाटलं. बाई शांतपणे म्हणाल्या, "पहिल्या वर्षी माझी तीनदा तुटली. सासू दुपारी गुपचूप बदलायची. मला ते लय वर्सांनी कळलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओट्यावर दात घासत होतो. मनीषाने माळ पुढे केली. बाईंचा हात सवयीने गाठीकडे गेला आणि थांबला. त्यांनी माळ तशीच परडीत ठेवली, परडी मनीषाच्याच हातात दिली.

"जा, देवाला घालून ये. मी चहा टाकते."