मॅग्नेशियमवर पाणी

"आधी घासा, सर. मळकी फीत लवकर पेटत नाय."

प्रत्येक प्रात्यक्षिकाआधी मामा हे म्हणायचे आणि मॅग्नेशियमची फीत पॉलिश पेपरनं चकचकीत करून माझ्या हातात द्यायचे. नाशिकच्या आमच्या कॉलेजात मी रसायनशास्त्राचा प्राध्यापक, ते प्रयोगशाळेतले परिचर. घोटीहून एसटीनं यायचे. असा एक माणूस तुमच्याही कॉलेजात असेल. प्रयोग तो जमवतो, नाव आपलं होतं.

धातूंबद्दल ते नातेवाईक असल्यासारखं बोलायचे. "तांबं गरीब. सोडियम पानी दिसलं की अंगावर धावतं, म्हणून रॉकेलात बुडवून ठेवायचं. मॅग्नेशियम वरून शांत, पण एकदा पेटलं की कुणाचं ऐकत नाय." मी तेच वर्गात जड शब्दांत सांगायचो आणि मुलं झोपायची.

एकदा तपासणी समिती यायची होती. सकाळी रंगीत तालीम म्हणून मी फितीऐवजी बशीभर मॅग्नेशियमचा भुगा पेटवला. ज्वाळा वाढली तसा घाबरलो आणि बादलीतलं पाणी ओतलं. जळतं मॅग्नेशियम पाण्यातला ऑक्सिजन ओढून घेतं, सुटलेला हायड्रोजनही पेटतो. हे समीकरण मी वीस वर्षं फळ्यावर लिहीत होतो. माझ्या हातांना ते कुणी शिकवलं नव्हतं. "पानी नको, सर," मामा ओरडले, तोवर पांढरा भडका छताला लागला होता. त्यांनी धावत येऊन कोरडी वाळू टाकली. त्यांचा हात भाजला. माझ्या फक्त भुवया गेल्या.

प्राचार्यांनी विचारलं, "पाणी कुणी टाकलं?"

मी, डॉक्टरेटवाला, म्हणालो, "मामांनी. गडबडीत."

मामांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. "व्हय साहेब," ते म्हणाले. "चुकलं."

त्यांना गेटवर बसवलं. रोज सकाळी ते मला नमस्कार करायचे. ते निवृत्त होईपर्यंत गेटपाशी मला फार घाई असे.

गेल्या महिन्यात शेवटी घोटीला गेलो. मामा जाऊन दोन वर्षं झाली होती. दार मुलीनं उघडलं; ती शाळेत विज्ञान शिकवते. मी कोण ते कळल्यावर हसून म्हणाली, "मी बाबांना कायम चिडवायची. लॅबमध्ये जन्म गेला आणि मॅग्नेशियमवर पाणी ओतलं? ते नुसते हसायचे."

"पाणी मी ओतलं होतं," मी म्हणालो.

ती तशीच आत गेली. आईला हाताला धरून घेऊन आली आणि तिला माझ्यासमोर बसवलं.

"आता सांगा, सर. पहिल्यापासून," ती म्हणाली. "आणि मोठ्यानं. आईला कमी ऐकू येतं."