डोहाची वाट
आज कपाट आवरताना डांबराच्या गोळ्यांचा वास मारणारी, लेबलही न काढलेली पोहण्याची चड्डी हाती लागली आणि सेलूच्या शाळेतलं शिक्षक म्हणून माझं पहिलं वर्ष आठवलं. साताऱ्याहून एकटाच आलो होतो, डबा खाताना बोलायला कुणी नसायचं. म्हणून शिक्षकांच्या खोलीत मीच सहलीचा विषय काढला. आठवडाभर चौकशी करून सगळं कागदावर मांडलं: सकाळच्या गारव्यात डोंगरातली घळ चालायची, ऊन चढायच्या आत किल्ल्याचे पडके बुरूज पाहायचे आणि दुपारी डोहात पोहायचं. सगळे म्हणाले, "जाऊ ना सर, रविवारी फोन करतो." रविवारी मी तयार होऊन दुपारपर्यंत फोनची वाट पाहिली. सोमवारी शेजारी बसणारे सर हसत म्हणाले, "तुमचा कागद लय कामाले आला सर, काल जाऊन आलो आमी." मग माझा चेहरा पाहून ते गडबडले. "गाडीत जागाच पाच जणाईची होती, तुमाले कसं सांगाव समजलंच नाई." मी एवढंच विचारलं, "पाणी कसं होतं?" "थंडगार," ते म्हणाले आणि त्यांनी आपला डबा माझ्यापुढे सरकवला. आता इथं माझ्या पुष्कळ ओळखी आहेत. त्या डोहाकडे मात्र मी अजून गेलेलो नाही. कुणी विचारलं तर वाट तोंडपाठ सांगतो.