पोटाखालची तीन पिल्लं

असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही, हे आधीच सांगते. नाशिकला एका लॅबमध्ये मी उंदरांची देखभाल करते, द्वारका चौकापासून वीस मिनिटांवर. भुताखेतांच्या गप्पा मारणाऱ्यांना मी तोंडावर हसते.

आमच्या काही उंदरांच्या एका जीनमध्ये बिघाड आहे. एकाच आईची पिल्लं, एकच पिंजरा, एकच खाद्य — तरी ज्यांच्यात तो बिघाड उतरतो त्यांची आतडी मोठेपणी सुजतात, रक्त पडतं. बाकीची मजेत! माझ्या दादालाही असाच आजार आहे. आणि आई काय म्हणते? "नामपूरची पोरगी आणली, तिखट घालघालून पोट जाळलं माझ्या लेकाचं!" वहिनी बिचारी दोन वर्षं बिनतिखटाचं रांधतेय. डोकं फिरतं माझं.

तर... एक मादी व्याली. आठ पिल्लं. तीन पोटाखाली घ्यायची, पाच कडेला. मी अदलाबदल केली, की तोंडात धरून पुन्हा तीच तीन आत. गंमत म्हणून मी त्यांच्या खुणा कार्डावर लिहिल्या. आठवड्याने पिल्लांच्या जीन-टेस्टचा रिपोर्ट आला — बिघाड नेमका त्याच तिघांत!

आमच्या लॅबचे सर भडकले. "रिपोर्ट आधीच बघितलात ना मॅडम?" अहो, सहा वर्षं राबतेय मी इथे, आणि खोटारडी? म्हटलं, पुढच्या वेळी तुम्हीच लिहा! पुढच्या वेताला त्यांनी लिहिलं. स्वतः पिल्लं हलवली, भुसा बदलला. पुन्हा तंतोतंत तसंच. वास येत असेल म्हणाल, तर आजार अजून सुरूच झाला नव्हता...

त्या रविवारी जेवताना आई पुन्हा वहिनीवर घसरली. वहिनीने ताट सरकवलं. "मी पोरींना घेऊन माहेरी जाते."

माझा तोल सुटला. "बास कर आई! तिखटाने नाही झालेलं हे. मामाला काय होतं? सांग ना सगळ्यांना!"

आईने हातातला घास ताटात ठेवला. मग हळूच म्हणाली, "त्यालाही हेच होतं. चुकलं माझं, सूनबाई."

वहिनी रडायला लागली. आणि तेव्हा माझं लक्ष गेलं... दादाच्या जुळ्या मुली, दहा महिन्यांच्या, दिसायला अगदी वेगळ्या. जुई सतरंजीवर, ओवी माझ्या आईच्या पोटाशी. जन्मल्यापासून हे असंच चाललंय.

"आई, नेहमी हीच का गं?"

"काय माहीत. हात आपोआप हिच्याकडेच जातो."

मी ओवीला जवळजवळ हिसकावूनच घेतलं, सतरंजीवर ठेवलं आणि जुईला आईच्या मांडीवर दिलं. आई चिडली, चिडू दे! आत जाऊन पाणी पिऊन आले.

जुई सतरंजीवर होती. ओवी पुन्हा आईच्या पोटाशी.

त्या तीन पिल्लांचं मी वहिनीला अजून सांगितलेलं नाही.