पुळीखालची प्लेट

पालघरजवळच्या माहीमला, आमच्या पानवेलींच्या वाडीत पाय घसरून आईची नडगी मोडली, तेव्हा पालघरला ऑपरेशन करून आत हाडाला धातूची प्लेट बसवली होती. जखम छान भरली. आई वॉकर सोडून काठीवर आली, पानवेलींत पुन्हा हिंडायला लागली. ऑपरेशन आम्ही विसरूनही गेलो.

सात-आठ महिन्यांनी मी बोईसरहून माहेरी गेले, तर व्रणाच्या खालच्या टोकाला मसुराएवढी पुळी. दाबली की पाणी यायचं.

"काय नाय गो, घामाची हाय. हळद लावलीय," आई म्हणाली.

ताप नव्हता, फारशी सूजही नव्हती. पण पुळी सुकायचं नाव घेईना, म्हणून मी तिला रिक्षात घालून पालघरला नेलं.

डॉक्टरबाईंनी पुळी पुसली आणि एक बारीक, बोथट सळई हातात घेतली. मला वाटलं, वरवर टोचून बघतील. सळई आत गेली आणि जातच राहिली. मग आतून आवाज आला. टक्. धातूवर धातू.

मी टेबलाची कड धरली.

"काय वाजलं गो?" आईने विचारलं.

"तुमची प्लेट, आजी," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"पण जखम तर केव्हाच भरली होती!" मी म्हणाले.

"वरून भरली. ऑपरेशननंतरचा जंतुसंसर्ग कुठवर पोचलाय ते आम्ही आधी बघतो. नुसत्या कातडीत, त्याखालच्या मांसात, की पार हाडाशी. हा हाडाशी आहे. आत धातू असला की जंतू त्याला धरून गप्प बसतात. म्हणून इतक्या महिन्यांनी दिसला, तरी आम्ही तो ऑपरेशनचाच धरतो."

"म्हंजे इतके दिस माज्या पायात पू हाय, नि मला कळलं नाय?" आई स्वतःच्या पायाकडे परक्याचा असल्यासारखं बघत राहिली.

एक्स-रेत हाड जुळलेलं दिसलं, म्हणून प्लेट काढता आली. आतला थोडा पू तपासायला पाठवला, बाकीचा साफ केला. आधी शिरेतून औषध, मग कितीतरी आठवडे गोळ्या. त्या गोळ्यांनी आईचं तोंड इतकं बेचव झालं, की ताजे बोंबील पुढ्यात आले तरी ती ताट सरकवायची.

आता भोक बुजलंय. आई जेवते. पाय अजून थोडा ओढते.