चहाच्या लारीवरचा पत्ता

लोकलकाका कुठल्याही कारखान्याची तपासणी फाटकाबाहेरच्या चहाच्या लारीपासून, म्हणजे हातगाडीपासून, सुरू करत. बिनसाखरेचा चहा मागवायचा आणि लारीवाल्याशी गप्पा छेडायच्या: मालक रोज येतो का, कारागीर कधी येतात, कोण कोण उधारी ठेवतं. मालक बिचारा आत फाइल उघडून ताटकळत बसलेला असे. "कागदावर पत्ता असतो गं, माणूस लारीवर सापडतो," असं ते मला म्हणत. बडोद्यातल्या एका सरकारी कचेरीच्या खरेदी विभागात ते माझे साहेब होते, पण साहेब म्हटलेलं त्यांना खपत नसे.

लोकलकाका हे नाव पडलं ते त्यांच्या हट्टामुळे. बाहेरच्या कंपनीचा भाव सर्वांत कमी आला आणि इथल्या लहान कारखान्याचा थोडाच वर असला, तर तोच कमी भाव मान्य करून काम घ्यायची संधी आधी इथल्याला द्यायची, असा नियम होता. बाकीच्यांना ती कटकट वाटे. काका मात्र ती संधी देणारं पत्र त्याच दिवशी धाडत. "बाक मोडला तर मुंबईला फोन लावत बसायचं, की इथल्या इथे छाणीला जाऊन मालकाची मानगूट धरायची?" असा त्यांचा सरळ हिशेब होता.

एकदा शाळांच्या बाकांचं टेंडर निघालं. सर्वांत कमी भाव बाहेरच्या एका कंपनीचा आला. इथले म्हणून दोघांनी सवलत मागितली. एक नाना, काकांचे बालमित्र. गल्लीतला गणपती दोघांनी मिळून सुरू केलेला. शहरातल्या लहरीपुऱ्यात त्यांचं फर्निचरचं दुकान होतं आणि कागदोपत्री छाणीला कारखाना. दुसरा, बिहारहून येऊन छाणीतच शेड टाकलेला वेल्डर. नानांचा भाव त्याच्यापेक्षा कमी होता, त्यामुळे काम त्यांनाच मिळणार हे कचेरीने धरूनच चाललं होतं. मित्राचं प्रकरण, म्हणून काकांनी तपासणीला मला सोबत नेलं.

नानांच्या फाटकासमोर काकांनी नेहमीचे प्रश्न विचारले. लारीवाला हसला. "कारीगर? अहीं तो ट्रक आवे, माल उतरे, स्टिकर लागे ने ट्रक जाय, साहेब." काकांनी चहा अर्धाच पिऊन पेला ठेवला. आत वेल्डिंगचं एकही यंत्र नव्हतं, फक्त बाहेरून आलेल्या, नानांचं स्टिकर लावलेल्या तयार बाकांच्या थप्प्या होत्या. 

नानांची सवलत गेली. वेल्डरने बाहेरच्या कंपनीचा कमी भाव मान्य केला आणि काम त्याला मिळालं. नाना तणतणत कचेरीत आले. "चार पिढ्यांचा बडोदेकर मी, आणि तो परवा आलेला बिहारी तुला लोकल वाटतो?"

"आपले पणजोबाही कधीतरी परवाच आले होते, नाना," काका म्हणाले. "त्याची माणसं इथे राबतात, इथल्या लारीवर चहा पितात. तुझे बाक कुठे बनतात, ते तूच सांग."

नाना उठून गेले. त्या वर्षी गणपतीत आरतीचं ताट काकांपर्यंत आलंच नाही. काकांनी केलं ते योग्यच होतं, पण त्यांचा चेहरा पाहिल्यावर मला ते त्यांना सांगवेना.

पुढे ते निवृत्त झाले, काकू गेल्या आणि मुलगा त्यांना पुण्याला घेऊन गेला. मी फोन केला की म्हणत, "इथला चहावाला अजून विचारतो, आजोबा, तुम्ही कुठले? मी काही इथला लोकल झालो नाही बघ." आणि ते हसत.

मध्यंतरी लहरीपुऱ्यात नाना त्यांच्या दुकानात बसलेले दिसले. खूप थकलेत. मला ओळखताच त्यांनी विचारलं, "तो कसा आहे?" मी चहावाल्याचं सांगितलं. नाना बराच वेळ खुर्चीच्या हातावरची धूळ पुसत राहिले. "त्याला म्हणावं, परत ये. इथे तू कुठला म्हणून त्याला कोण विचारणार आहे?"

घरी आल्या आल्या मी फोन लावला. तो उचलला काकांच्या मुलाने. काका त्या दिवशी सकाळीच गेले होते.

नानांना सांगायला मीच गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग समोरच्या लारीवाल्याला हाक मारून चहा सांगितला. एक मला, एक स्वतःला आणि एक बिनसाखरेचा. तो आमच्या मध्ये तसाच निवत राहिला.