तालमीच्या माडीवरच्या बाया

मला लिहायला लावणं हाच मुळात आगाऊपणा आहे. माझी शाळा चौथीत सुटली, आणि आता ह्या बाया म्हणतात, "वस्ताद, आमच्या स्मरणिकेत तुमच्या आठवणी पाहिजेतच." आमच्या पेठेतल्या तालमीची किल्ली माझ्याकडं असते. माडीवर दर रविवारी नोकरी-धंद्यातल्या शिकलेल्या बाया जमतात आणि हायस्कूलच्या, ज्युनिअर कॉलेजच्या पोरींना पुढं कसं शिकायचं, धंदा कसा उभा करायचा ते सांगतात. मी जिन्यापाशी बसतो. ऐकायचं नाही म्हटलं तरी ऐकू येतं, आणि असले किस्से जिन्याखालच्या चपलांगत साचत जातात. गोड लिहा म्हणाल्यात. गोड पाहिजे असलं तर बासुंदीवाल्याला सांगायचं होतं.

*

पहिल्या वर्षी त्यांच्यातल्या सीए बाईंनी शिकवलं, मोठ्या माणसाशी बोलताना मान खाली घालायची नाही, डोळ्यांत बघून बोलायचं. पोरींनी जोड्या लावून सराव केला. दूधवाल्याच्या थोरलीनं घरी जाऊन तो बापावर करून बघितला. पुढच्या रविवारी आली ती गाल सुजवूनच. बाईंनी जवळ घेऊन विचारलं, तर म्हणाली, "बाई, किती वेळ बघायचं ते तुम्ही सांगितलंच न्हाई."

*

एकदा शैलाताई आल्या. शिरोलीकडं त्यांची स्वतःची फौंड्री आहे. आवाज असा की खाली जोर मारणारी पोरं थांबली. एकेकीला उभं करून विचारलं, दहा वर्षांनी तू कुठं असशील? कुणी डॉक्टर झाली, कुणी कलेक्टर, एकीनं तर दुबई गाठली. प्रत्येकीला टाळ्या. शेवटची उठली आणि म्हणाली, "जिथं देतील तिथं."

शैलाताई पाणी प्यायला म्हणून खाली आल्या, त्या बराच वेळ वर गेल्याच नाहीत.

*

मग मुलाखतीचा सराव निघाला. साहेब व्हायला पुरुष पाहिजे होता आणि इमारतीत रिकामा पुरुष मी एकटाच. खुर्चीत बसवलं. टोपी काढा म्हणाल्या, ती मी काढली नाही. समोर ऋतुजा चव्हाण. बारावी कॉमर्सला होती. बाप कसबा बावड्याच्या पुढं ऊस लावतो. पोरीला पुण्याला जाऊन सीए व्हायचं होतं आणि बाप कधी नव्हे तो राजी होता. माडीवर खरी पैलवान तीच, असं मला वाटायचं. बोललो नाही कुणाला.

मी पहिलाच प्रश्न टाकला, "स्वयंपाक येतो का?" बायांनी कपाळाला हात लावला.

ऋतुजा म्हणाली, "येतो की. तुम्हाला येतो का, साहेब?"

मी म्हटलं, उद्यापासून ये कामाला.

*

बारावीला ती कॉलेजात पहिली आली. शैलाताईंच्या पोटात आनंद मावेना. त्यांनी चौकात फ्लेक्स लावला. माणसाएवढा फोटो, खाली नाव, गाव, 'भावी सीए'. आमच्याकडं कुत्र्याच्या वाढदिवसालाही फ्लेक्स लागतो, तेव्हा बाईंना त्यात काही वावगं वाटलं नाही.

मी म्हटलं, "बाई, उतरवा तो. गावाच्या नजरंत यायच्या आत तिला पुण्याच्या गाडीत बसवा."

त्या म्हणाल्या, "वस्ताद, तुम्ही किल्ली सांभाळा."

फोटो बघून, गाव विचारत विचारत स्थळं यायला लागली. बाप आधी नाही म्हणाला. मग भावकी बसली. पोरगी चौकात टांगलीस, आता कोण मागतंय तर देऊन टाक, असं सगळ्यांनी मिळून त्याला ऐकवलं. बाप वाकला. सीए बाई घरी जाऊन आल्या, तर त्यांच्यापुढं चहा ठेवून म्हणाला, शिकवतील की सासरची.

*

स्थळ गारगोटीचं, खताबियाण्यांचं दुकान. मुलाचा बाप चौकशीला तालमीत आला. मी ठरवूनच सांगितलं, पोरगी भांडकुदळ आहे, उलटं बोलते, कुणाचा मान ठेवत नाही. म्हटलं, मोडेल एवढ्यावर.

तो पाव्हणा खूश झाला. "दुकानात असलीच पाहिजे हो! गिऱ्हाईक लई वाकडं बोलतंय आमच्यात."

माझं बोलणं ऋतुजाच्या कानावर गेलं. दुसऱ्या दिवशी ती तालमीच्या दारात उभी. "आजोबा, असं बोललासा माझ्याबद्दल? पुणं गेलंच माझं. वर नावबी घालवलंसा." मी सांगायला तोंड उघडलं, तोवर ती वळली होती.

लग्नानंतर शैलाताईंनी त्या फ्लेक्सपायी सगळ्या पोरींसमोर माझी माफी मागितली. मी म्हटलं, मिटलं.

*

आता ह्या स्मरणिकेच्या कव्हरवर ऋतुजाचा फोटो येणार आहे, 'आमची उद्योजिका' म्हणून. हे ऐकल्यावर म्हटलं, बघून तरी यावं. गारगोटीला कुस्त्या होत्या, तेव्हा गेलतो. बाजारात दुकान सापडलं. गल्ल्यावर ऋतुजा, शेजारी स्टुलावर सासू. मागच्या फळ्यांवर नुसते औषधांचे डबे. अभ्यासाचं पुस्तक कुठं दिसतंय का बघितलं, नव्हतं.

मी म्हटलं, "ऋतुजा."

सासूनं मान वर केली. "कोण गं हे?"

"म्हाईत न्हाई," ती म्हणाली. मग माझ्याकडं बघून, "काय पाहिजे, पावणं?"

मी अर्धा किलो मेथीचं बी घेतलं. मला शेत नाही.

तिचं सासरचं आडनाव मी विचारलं नाही. हे छापायचं तर तिच्या माहेरच्या नावानिशी छापा. शैलाताईंनी मागितली; माझी माफी मागायची राहिलीय ती ऋतुजा चव्हाणनं.