कॉइलवरची पितळी पट्टी

शंभर वर्षांपूर्वीच्या मोटारींचे विजेचे भाग आम्ही नव्याने बनवतो. आम्ही म्हणजे ठाण्यातल्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात मालक, मी आणि कॉइलची तार गुंडाळणारी ताई. या गाड्यांचे मूळ भाग आता बाजारात मिळत नाहीत. मग निकामी झालेला भाग मी उघडते, मापं घेते, ड्रॉइंग काढते आणि साहित्यासाठी डोंबिवलीपर्यंत पायपीट करते.

गेल्या हिवाळ्यात एका गाडीची इग्निशन कॉइल आली. इंजिनाला ठिणगी पुरवणारी ही विटेएवढी सागवानी पेटी. आतली तार जळून काळी पडलेली. तशी केसासारखी बारीक तार शोधण्यात माझे कितीतरी शनिवार गेले. नव्या दोन कॉइल तपासतानाच जळाल्या. तिसरी ताईने गुंडाळली, भिंगातून बघत, प्रत्येक थरावर मेणकागद घालत. बॅटरी जोडताच पेटी गुणगुणली आणि निळी ठिणगी उडाली.

"पेटली गं बया!" ताई ओरडली.

मालकांनी खिशातून पितळी पट्टी काढली. तिच्यावर कधीच बंद पडलेल्या एका विलायती कंपनीचं नाव ताजं कोरलेलं होतं. गाडीवाल्या साहेबांना जुन्या गाड्यांच्या स्पर्धेत उतरायचं होतं. परीक्षकांना सगळं मूळचं दिसायला हवं होतं.

"मी नाही लावणार," मी म्हणाले. "ती कंपनी आली होती का इथे तार गुंडाळायला?"

"अगं, दोन स्क्रू पिळायचेत. क्रांती नाही करायची," मालक म्हणाले.

वर्तकनगरच्या आमच्या घरात मी वाचायला शिकले तीच बाबांच्या युनियनच्या पत्रकांवर. घडवणाऱ्याचं नाव कसं पुसलं जातं, हे मला पाढ्यांआधी पाठ होतं.

"लावायचीच तर ताईच्या नावाची लावा."

ताई हसली. "माझ्या? दिवा स्टेशनजवळ आमच्या घराच्या दारावर पण सासऱ्यांचं नाव आहे." मग हसू आवरून म्हणाली, "हे गिऱ्हाईक गेलं तर गाळा बंद होईल. तुला कुठेही घेतील. मी काय परत मोबाइल चार्जरच्या कंपनीत दिवसभर उभी राहू? माझे गुडघे बघितलेस?"

तरी मी स्क्रूड्रायव्हर उचलला नाही. ताईनेही उचलला नाही. मालकांनी साहेबांना फोन लावला.

"साहेब, पट्टी बसत नाहीये. भोकं जुळत नाहीत," ते सरळ खोटं बोलले. पलीकडचं ऐकून फोन ठेवला आणि म्हणाले, "चालेल म्हणतायत. मूळ पट्टी काळाच्या ओघात पडली असं सांगतील. झालं समाधान?"

मी मान डोलावली. पट्टीसाठी पाडलेल्या दोन रिकाम्या भोकांसकट नवी पेटी गेली.

स्पर्धा झाल्यावर साहेबांनी फोटो पाठवला. हार घातलेली गाडी, उघडं बॉनेट आणि आमची कॉइल. मी फोटो मोठा करून पाहिला. पेटीला त्यांनी गडद पॉलिश मारून घेतलं होतं आणि भोकांभोवती एक फिकट चौकोन ठेवला होता, शंभर वर्षं तिथे पट्टी असल्यासारखा.

मी फोन ताईपुढे धरला.

"छान दिसतेय की," ती म्हणाली. "त्यांच्या मित्राच्या दोन कॉइल आल्यात. तार आहे का?"

तार संपली होती. शनिवारी डोंबिवलीला जावं लागणार होतं.